शिफ्टची वेळ आणि दोडक्याचे फूल

परसबाग म्हणजे घराच्या मागील दारी सांडपाण्यावर पोसलेला भाजीचा लहानसा तुकडा, ज्यात अळू, कढीपत्ता आणि मांडवावर चढवलेला दोडका असे. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, मागोमाग इतर कारखाने आले, आणि त्यांच्या ओढीने गाव सोडलेली अनेक कुटुंबे मुळा-पवनेच्या मधल्या सांगवीत स्थिरावली, तेव्हा मागील दार गावीच राहिले. चाळीच्या खोलीत परसबाग डालड्याच्या डब्यातील मिरचीएवढी उरली. तिला पुन्हा ऐसपैस जागा मिळाली ती स्वतःच्या घराच्या गच्चीवर, पालापाचोळा आणि भाजीची देठे कुजवून केलेल्या हलक्या मातीत. अशी माती घरीच घडवता येते, हे श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’ने महाराष्ट्राला आवर्जून शिकवले.

या बागेने भाजीचा खर्च फारसा वाचत नाही. ती देते ती वेगळीच गोष्ट. भोपळ्याचे फूल पहाटे उमलून दुपारच्या आत मिटते, दोडक्याचे पिवळे फूल मात्र संध्याकाळी उघडते. नरफुले घोसाने येतात आणि मादीफूल एकटे, देठाशी बोटभर शिराळे फळ घेऊनच येते. उंच गच्चीवर कीटक कमी फिरकत असल्याने नरफूल खुडून त्याचे पराग मादीफुलावर हलकेच टेकवावे लागतात, ज्याला हस्तपरागण म्हणतात, आणि ती संध्याकाळ चुकली तर ते कोवळे फळ पिवळे पडून गळते. रात्रपाळीहून परतणाऱ्या कामगाराला भोपळा सापडतो, फर्स्ट शिफ्टवाल्याला दोडका. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मात्र दोडका घरातल्या लेकराच्या हाती सोपवावा लागतो, आणि त्या लेकराने लावलेले फळ धरले की त्याचा आनंद बाजारातल्या कुठल्याही भाजीत मिळत नाही. भोंग्याच्या तालावर सारे आयुष्य गेलेल्या माणसाला फुलाची वेळ पाळण्यात जे सुख लाभते, ते खरोखर मोठे आहे.

कोवळ्या दोडक्याची भाजी होते, शिरांची तीळ घालून चटणी होते. एक दोडका मात्र वेलावरच वाळू दिला जातो. हलवला की तो खुळखुळतो, टोक मोडताच चपट्या काळ्या बिया ओंजळीत पडतात, आणि त्या वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून अक्षय्य तृतीयेला आळे घालेपर्यंत डब्यात ठेवल्या जातात. त्यांतली एक पुडी शेजारच्या घरी जाते.