फरक सांगणारे शब्द

मी या वेळी इंग्रजीवर लिहीत आहे. इंग्रजी म्हटलं की आमच्या वर्गातले अर्धे पोट्टे खिडकीबाहेर पाहतात. पण मी सांगते ते शब्द अवघड नाहीत. ते दोन गोष्टींमधला फरक सांगायचे शब्द आहेत.

माझ्या बाबांना इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० सालापासून आपल्या महाराष्ट्रात ते पहिलीपासून सुरू झालं, म्हणून मला चौथीतच हे शब्द येतात. बाबा म्हणतात, "आमची तं पाचवीत एबीसीडीच चालू होती."

सेम म्हणजे सारखं. हा शब्द माझी आजीपण बोलते, तिला तो इंग्रजी वाटतच नाही. डिफरन्ट म्हणजे वेगळं आणि डिफरन्स म्हणजे फरक. वजाबाकीचं उत्तर असतं त्यालाही डिफरन्सच म्हणतात. नऊ आणि चार यांचा डिफरन्स पाच.

पण नुसतं डिफरन्ट म्हणून भागत नाही. कशात डिफरन्ट ते सांगावं लागतं. तेव्हा इंग्रजीत शब्दाला शेपूट लावतात. टॉल म्हणजे उंच, टॉलर म्हणजे दुसऱ्यापेक्षा उंच आणि टॉलेस्ट म्हणजे सर्वांत उंच. मराठीत उंच हा शब्द उंचच राहतो. आपण नुसतं 'पेक्षा' लावतो, आणि आजी 'परीस' म्हणते. बाईंनी फळ्यावर लिहून दाखवलं की संस्कृतात पण अशी शेपटं आहेत, तर आणि तम. लघु, लघुतर, लघुतम. त्यावरूनच मराठीत तरतमभाव हा शब्द आला. गुडचं मात्र गुडर होत नाही, बेटर होतं. काहून होतं ते बाईंनी सांगितलं नाही, पाठ करा म्हणाल्या.

थिन म्हणजे बारीक किंवा पातळ, आणि थिनर म्हणजे त्याहून पातळ. माझा भाऊ म्हणाला, थिनर तर रंगाच्या दुकानात मिळते. सगळे हसले. पण बाई म्हणाल्या, तो बरोबर बोलला, रंग पातळ करतं म्हणूनच त्याला थिनर म्हणतात.

माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे, पण उंचीने माझ्यापेक्षा चार बोटं जास्त. घरी पाहुणे आले की विचारतात, "यातलं मोठं कोण?" तो लगेच छाती पुढे करतो. मराठीत 'मोठा' म्हणजे वयानं का उंचीनं ते कळतच नाही. इंग्रजीत वयासाठी ओल्डर आणि उंचीसाठी टॉलर असे दोन शब्द आहेत. आय अॅम ओल्डर. ही इज टॉलर. भांडण मिटलं. (खरं म्हणजे अजून मिटलं नाही, तो आता बिगर म्हणतो.)

स्मॉलेस्ट या शब्दाचं उदाहरण तर आपल्या हिंगणीजवळच आहे. बोरचं जंगल १९७० साली अभयारण्य झालं आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाला. तेव्हा तो सुमारे १३८ चौरस किलोमीटरचा होता आणि भारतातल्या सगळ्या व्याघ्र प्रकल्पांत सर्वांत लहान होता. आपल्या विदर्भातलाच मेळघाट दोन हजार चौरस किलोमीटरच्याही वर आहे. पण प्रकल्प स्मॉलेस्ट असला म्हणून तिथला वाघ काही स्मॉल नसतो. नर वाघ दोन क्विंटलपर्यंत भरतो. बिबट त्याच्या निम्म्याहूनही कमी भरतो.

आता खरी गोष्ट सांगते. आपल्याकडे दोघांनाही वाघच म्हणतात. पट्ट्याचाही वाघ आणि ठिपक्याचाही वाघ. कोणी कोणी ठिपक्याच्याला चित्ता पण म्हणतात, पण चित्ता तर भारतातून संपला होता. २०२२ साली आफ्रिकेतून आणून मध्य प्रदेशात कुनोच्या जंगलात सोडला. इंग्रजीत तिघांना तीन नावं आहेत, टायगर, लेपर्ड आणि चीता. त्यातला चीता हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेला.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या शेजारच्या वावरातली कालवड रात्री मारली. सकाळी गावात एकच आवाज, वाघ आला, वाघ आला. तेव्हा पऱ्हाटी फुटून पांढरी झाली होती. आई वेचायला जात होती. कापूस वाकून वेचावा लागतो. वनरक्षक म्हणाले, वाकलेला माणूस जनावराला माणसासारखा दिसत नाही, म्हणून वाकून काम करताना जास्त भीती. त्या दिवशी आई घरीच राहिली. दुसऱ्या दिवशीही राहिली. कापूस काही थांबत नाही, तो वाऱ्यानं खाली पडतो. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "घरी बसून मजुरी कोण देते?" आजी म्हणाली, "जाऊ नको व माय." मला रडू आलं, पण मी दाखवलं नाही.

आमचे बाबा रात्री जागलीला जातात, रानडुकरं आणि रोही हरभरा खातात म्हणून. ते मचाणावर झोपतात. वाघ सहसा झाडावर चढत नाही. पण बिबट चढतो! मग मचाण कोणत्या कामाचं? हे मी बाबांना विचारलं, तर ते गप्पच राहिले.

वनरक्षकांनी नाल्याजवळ चिखलात पंजा पाहिला आणि त्यावर पट्टी ठेवली. आठ सेंटिमीटर रुंद. मोठ्या वाघाचा पंजा यापेक्षा खूप मोठा असतो. मी मनात म्हटलं, स्मॉलर. म्हणजे बिबट. पण ते म्हणाले, वाघाच्या पिल्लाचा पंजाही लहान असतो, आणि पिल्लू असलं तर त्याची माय जवळच असते. हे ऐकून सगळे चुपचाप झाले. मला वाटलं, स्मॉलर असलं म्हणजे डिफरन्ट असतंच असं नाही. मी आणि आई पण तशाच.

मग त्यांनी झाडाला कॅमेरा बांधला. जनावर समोरून गेलं की तो आपोआप फोटो काढतो. वाघाच्या अंगावर पट्टे असतात आणि कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. म्हणून जंगलखात्याचे लोक फोटो शेजारी शेजारी ठेवून कोणता वाघ ते ओळखतात. पुस्तकात 'दोन चित्रांतील फरक ओळखा' असतं ना, तसंच.

दोन दिवसांनी फोटो आला. ठिपके होते. बिबट.

बिबट म्हटल्यावर गावात कामं ठरली. बकऱ्या आणि वासरं रात्री अंगणात बांधायची नाहीत, आत घ्यायची, दार लावायचं. कुत्राही आत. लहान पोरांनी अंधार पडल्यावर एकटं बाहेर जायचं नाही. वेचायला पाच-सहा बायांनी मिळून जायचं, अधूनमधून उभं राहायचं आणि मोठ्यानं बोलायचं. बाबा आता एकटे जागलीला जात नाहीत, शेजारचे काका सोबत असतात आणि खाली शेकोटी पेटती ठेवतात. आई पुन्हा जायला लागली. ती येईपर्यंत मी फाटकाजवळ अभ्यास करते.

आजीला मी लेपर्ड शब्द शिकवला. ती लेपट म्हणते. पण आता कोणी वाघ पाहिला म्हणून सांगत आलं, की ती त्याला पाणी द्यायच्या आधी विचारते, "पट्ट्याचा का ठिपक्याचा?"