सहा बोटं एकदम

पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तो 2013 सालचा पावसाळा. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पांढरी काठी, खिशात पेनड्राइव्ह. कीबोर्ड मागितला की बहुतेक दुकानदार आधी माझ्यासोबत कोण आलंय ते बघतात आणि मग त्याच्याशीच बोलतात. त्या दिवशी सोबत कोणी नव्हतं. दुकानदार काका म्हणाले, "ती छत्री द्या इकडे," आणि खोकं फोडून कीबोर्ड थेट माझ्या पंजाखाली सरकवला.

"कशासाठी हवाय?"

"गेम खेळायला."

काका गप्प. या गप्प बसण्याची मला सवय आहे. लोक मनातल्या मनात हिशेब जुळवत असतात आणि तो जुळत नाही.

"कानाने खेळायचे गेम असतात, काका. 'टॉप स्पीड' नावाची गाड्यांची शर्यत आहे. इंजिनाचा आवाज दोन्ही कानांच्या मधोमध ठेवायचा. तो डाव्या कानात सरकायला लागला की समजायचं, गाडी डाव्या कडेला चाललीय. पुढचं वळण कुठलं ते शेजारी बसलेला सांगतो."

"आमची ही सांगते तसं," काका म्हणाले, आणि आमचं जमलं.

पेनड्राइव्हमध्ये एनव्हीडीए होतं. स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं हे फुकट सॉफ्टवेअर इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनही चालतं. काकांनी बिलं करायच्या कॉम्प्युटरला ते लावू दिलं. मी नोटपॅड उघडलं आणि एस, डी, एफ, जे, के, एल ही सहा बटणं एकदम दाबली. मग बाणाने मागे येत किती अक्षरं उमटली ते ऐकलं. चार. दुसऱ्या कीबोर्डवरही चार. तिसऱ्यावर पाच.

ही परीक्षा मला हॉस्टेलमधल्या एका सीनियर दादाने शिकवली होती. ब्रेलचं एक अक्षर म्हणजे जास्तीत जास्त सहा ठिपके, आणि पर्किन्सच्या ब्रेल टंकयंत्राला प्रत्येक ठिपक्याची एक कळ असते. अक्षराच्या सगळ्या कळा एकदम दाबायच्या. तेच साध्या कीबोर्डवर करायचं तर ही सहा बटणं लागतात. दादाचं म्हणणं, ज्या कीबोर्डला सहा बोटं पेलतात त्याला कुठलाही गेम पेलतो. गाडी पुढे दामटत, डावीकडे वळवत, त्याच वेळी तिसरं बटण दाबायचं असतं. स्वस्तातला कीबोर्ड नेमका तिथे मुका होतो आणि आपण आपल्यालाच शिव्या घालत बसतो.

त्या हॉस्टेलमध्ये स्क्रीन वाचून दाखवायला जॉज नावाचं सॉफ्टवेअर होतं, तेही लायसन्सशिवाय. म्हणजे चाळीस मिनिटं बोलणार, मग कॉम्प्युटर रीस्टार्ट केल्याशिवाय तोंड उघडणार नाही. त्यामुळे प्रत्येकाची पाळी बरोबर चाळीस मिनिटांची. जॉज गप्प झालं की ऊठ. दादा स्वतःच्या चाळीसमधली दहा मला द्यायचा.

सहा बटणं दाबून चारच अक्षरं का उमटतात हे दादालाही ठाऊक नव्हतं. ते काकांनी दाखवलं. मोडीत काढलेला एक कीबोर्ड त्यांनी स्क्रू काढून उघडला आणि आतली प्लॅस्टिकची पातळ शीट माझ्या बोटांखाली धरली. "नखाने बघा." केसाएवढ्या रेघा नखाला लागत होत्या. वरच्या शीटवर एका दिशेने, खालच्या शीटवर दुसऱ्या. बटण दाबलं की वरची रेघ खालच्या रेघेला टेकते. "चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले की चौथाही दाबल्यासारखा वाटतो. कीबोर्ड गोंधळतो आणि एखादं अक्षर गिळून टाकतो." वीस वर्षं बटणं बडवत होतो, त्यांच्या खाली काय आहे ते त्या दिवशी हाताला लागलं. त्या दिवशी विक्री काहीच झाली नाही. फोडलेली तीन खोकी काकांनी परत बंद केली.

महिन्याभराने त्यांचाच फोन. "सहाच्या सहा पडणारा आलाय." गेमिंगवाल्या पोरांचा, बटणागणिक वेगळी स्प्रिंग असलेला, खाली रंगीत दिवे. दिव्यांचे पैसे मी का द्यावेत, यावर आम्ही बराच वेळ हसलो. परीक्षेत तो पहिल्या झटक्यात पास. घरी आणून 'स्वॅम्प' सुरू केला तेव्हा खोट कळली. 'स्वॅम्प'मध्ये झोंब्यांच्या पावलांवर कान ठेवून गोळी घालायची असते, आणि हा कीबोर्ड प्रत्येक दाबाला असा कटकट वाजायचा की पावलं बुडून जायची. डोळस माणूस कीबोर्ड घेताना तो किती वाजतो हे क्वचितच बघत असेल. मला ते आधी बघायला हवं होतं. पंधरा दिवस वापरलेला तो कीबोर्ड काकांनी परत घेतला आणि मऊ बटणांचा दिला. वरचे साडेचारशे रुपये घेतले नाहीत. "दिव्यांचे समज," म्हणाले. तोवर ते 'अहो'वरून 'अरे'वर आले होते.

'स्वॅम्प'ने आणखी एक चमत्कार केला. त्यात वळायला माउस लागतो. माउस म्हणजे आमच्या दृष्टीने टेबलावरची अडगळ. दिसत नसलेला बाण कुठे नेऊन ठेवणार? पण या गेममध्ये बाण नाहीच, माउस सरकवला की आपणच गर्रकन वळतो आणि सगळे आवाज कानाभोवती फिरतात. काकांच्या काचेच्या काउंटरवर माउस चालेना, तेव्हा त्यांनी खाली बिलबुक सरकवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माउस स्वतःसाठी विकत घेतला.

लॅपटॉपवरची बाणांची चिमुकली बटणं बोटांना सापडावीत म्हणून आईने त्यांवर तिची टिकली चिकटवून दिली होती. घामाने ती निघायची आणि एकदा माझ्या कपाळावर सापडली. काकांनी एमसीलचा मोहरीएवढा ठिपका लावून दिला. तो अजून टिकून आहे, लॅपटॉप मात्र केव्हाच बंद पडला.

गेमपॅडकडे मी उशिरा वळलो. 2020 साली 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' आला. त्यात सोयीच्या साठाहून जास्त सेटिंग्ज आहेत आणि अंध माणूस तो शेवटपर्यंत खेळू शकतो. भाच्याच्या प्लेस्टेशनवर मी तो खेळलो. पॅडचं थरथरणं हाताशी बोलतं, ते मला आवडलं. पण माझा हात कीबोर्डचाच. एफ आणि जेवरच्या उंचवट्यांवर बोटं टेकली की घरी आल्यासारखं वाटतं.

काकांनी एकदा हेडफोन लावून, डोळे मिटून माझ्यासमोर 'टॉप स्पीड' खेळून पाहिला. पहिल्याच वळणाला गाडी ठोकली. दुसऱ्यांदा ठोकली. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, त्याला म्हणाले, "थांबा हो जरा, उजव्या कानात चाललीय."

आता दुकानात मुलगा बसतो. काकांचे गुडघे गेलेत, गल्लीतली गर्दी झेपत नाही. दिवाळीला फोन केला की तब्येतीच्या आधी त्यांचा एकच प्रश्न असतो.

"सहाच्या सहा पडतायत ना रे?"

"पाच, काका. के गेलाय."

"घेऊन ये घरी. आणि येताना स्क्रू ड्रायव्हर आण, माझा पोराने कुठे ठेवलाय देव जाणे."