जॅक कुठे ठेवायचा?

परवा शेजारचा मुलगा आला. नवीन जीप घेतलीय, ती उंच करून घ्यायचा विचार आहे. त्याने विचारलं, "काका, तुम्ही जॅक कुठे ठेवता?"

गोष्ट तशी साधीच. पण हा प्रश्न मला साडेतीन वर्षं पुरला होता, म्हणून त्याला म्हटलं, चहा घे, वेळ लागेल. तेवढं सगळं त्याला ऐकायचं नव्हतं बहुतेक. म्हणून इथे लिहितोय. :)

आमची महिंद्रा ५४० ही १९९४ ची. प्यूजोचं डिझेल इंजिन, मागे समोरासमोर दोन बाकं, आणि वेग असा की सायकलवाल्याशी गप्पा मारता येतात. (आत्या, हसू नकोस, तू त्याच गाडीतून लग्नाला आली होतीस.) २०२० च्या शेवटी, घरात बसून बसून डोकं फिरलेलं असताना, मी ती उंच करून घेतली. एक्सलच्या खाली असलेले पाटे वर घेतले, ३१ इंची टायर टाकले. दिसायला काय रुबाबदार दिसत होती! नोंदणीच्या कागदाशी जुळणार नाही असा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या जानेवारीत तेच सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत करून घ्यायचं नव्हतं.

गाडी उंच झाली म्हणजे जॅकही उंच हवा, हा माझा हिशोब. जुना बाटलीचा हायड्रॉलिक जॅक माळ्यावर टाकला आणि चार फुटी फार्म जॅक आणला. अमेरिकेतल्या इंडियानात १९०५ पासून बनतो तो हाय-लिफ्ट, त्याचीच ही इकडची भावंडं. उभी लोखंडी पट्टी, तिला भोकं, आणि दांडा हलवला की एकेक भोक वर चढणारा सांगाडा. वजन तेरा-चौदा किलो. आणला खरा, पण ठेवायचा कुठे?

आधी मागे स्टेपनीशेजारी लावला. ताम्हिणीच्या दोन पावसाळी फेऱ्यांत मागच्या चाकांनी उडवलेला सगळा चिखल त्याने प्यायला. जॅकमधल्या खिळ्या आणि स्प्रिंगा जाम. घरी आणून रॉकेलने धुवायला एक रविवार गेला.

मग बॉनेटवर लावला. फोटोत छान दिसतो. पण डाव्या कोपऱ्यातला रस्ता दिसेना आणि दर खड्ड्याला खडखडाट. आई म्हणाली, "हे काय, मारुतीची गदा लावलीयेस का?" तोही उतरवला.

शेवटी आत, मागच्या बाकाखाली सरकवून दिला. चिखल नाही, आवाज नाही, चोरीची भीती नाही. माझ्या मते प्रश्न सुटला. पुढच्याच महिन्यात घाटात गाय आडवी आली, मी ब्रेक दाबला, आणि तो तेरा किलोचा लोखंडी दांडा बाकाखालून सुटून थेट भाच्याच्या घोट्यावर. हाड मोडलं नाही, हे नशीब. घोटा मात्र वांग्यासारखा झाला. ताई मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी विचार करत बसलो, की गाडी उलटली असती तर? उंच गाडी उलटायची शक्यता तशीही जास्त. आणि उलटलेल्या गाडीत मोकळं लोखंड कुणाच्या डोक्यात जाईल, ते काय ते सांगून जातं? दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडून जमिनीला दोन क्लॅम्प बोल्टने बसवून घेतले. जॅक आडवा, दांडाही पट्टीला घट्ट बांधलेला, खडखडू नये म्हणून मध्ये रबर, आणि सांगाड्यावर जुन्या ट्यूबचं वेष्टण. सामानाखाली दबणार नाही अशा बेताने. झालं, आता काही उरलं नाही असं वाटलं.

आता बाबांबद्दल. बाबा तीस वर्षं एसटीत चालक होते. गाडी उंच केल्यापासून ते आमच्याबरोबर यायचे बंद झाले होते. "तुम्ही जा, मला मॅच बघायचीय." "तुम्ही जा, मला कंटाळा आलाय." मला ते खरंच वाटलं. मॅच नसायची तेव्हाही खरं वाटलं.

२०२२ च्या जानेवारीत हरिहरेश्वरला निघालो. कुलदैवत, त्यामुळे ते आले. माणगाव सोडून म्हसळ्याच्या अलीकडे मागचं चाक पंक्चर. मी ऐटीत फार्म जॅक काढला, मागच्या बंपरला लावला आणि दांडा हाणायला लागलो. बॉडी वर येतेय, पाटे मोकळे होऊन लांबतायत, आणि चाक आहे तिथेच! चॅसी वीतभर वर गेली तरी टायर जमिनीला चिकटलेला. गाडी त्या एका दांड्यावर डुलायला लागली तेव्हा बाबा ओरडले, "बाजूला हो आधी!"

त्यांनी सावकाश गाडी खाली घ्यायला लावली. उरलेल्या चाकांना दगड लावले. मग पुढच्या सीटमागून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. जुना बाटली जॅक! मी माळ्यावर टाकलेला, त्यांनी गुपचूप परत आणून ठेवलेला.

"अरे, पाटे वर घेतलेस म्हणून चॅसी वर गेली. एक्सल कुठे वर गेला? तो टायर वाढवलेस तेवढाच. आणि टायर अडीच इंचांनी वाढला, तर एक्सल त्याच्या निम्मा."

म्हणजे सव्वा इंच. सव्वा इंचासाठी मी तेरा किलो लोखंड गावभर मिरवत होतो.

बसलेल्या चाकाच्या एक्सलखाली जॅक आरामात शिरला. पण भरलेली मोठी स्टेपनी चढवायला दोन बोटं उंची कमी पडली. दगड नको, तो फुटतो किंवा सरकतो, असं म्हणून बाबांनी मला शेजारच्या वाडीत पिटाळलं. तिथल्या आजींनी एक जाड, चांगला सपाट ठोकळा दिला. वर परत करू नका म्हणाल्या. तो जॅकखाली घेतला आणि दहा मिनिटांत चाक बदलून झालं.

मी हात पुसत होतो. बाबांनी तो ठोकळा उचलला, डाव्या दरवाजापाशी जमिनीवर ठेवला, त्यावर पाय दिला आणि गाडीत चढले. मग खाली वाकून मला म्हणाले, "तेवढा आत घे रे."

बस्स, एवढंच. म्हसळा येईपर्यंत मी काही बोललो नाही. मॅच नव्हती, कंटाळा नव्हता. त्यांचा गुडघा तेवढा वर जात नव्हता, आणि तसं म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. मी गाडीची उंची चारही चाकांपाशी टेप लावून मोजली होती, आणि घरातल्या एका माणसाच्या पायाशी मात्र मोजली नव्हती.

पुण्याला आल्यावर ड्रायव्हर सीटच्या मागे अँगलची एक चौकट करून घेतली. बाटली जॅक तिच्यात उभाच राहतो, कारण आडवा ठेवला तर तेल गळतं. दांडी पूर्ण खाली, तेलाचा व्हॉल्व्ह घट्ट, वरून पट्टा. शेजारी टॉमी, पाना आणि तो ठोकळा. बाबा एकदा डोळे मिटून हात घालून बघून गेले. "अंधारात सापडतंय," म्हणाले. त्यांच्याकडून यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मला मिळालेलं नाही. फार्म जॅक चिखलात रुतलेलं चाक वर काढायला कामाचा आहे, म्हणून ठेवला, पण फक्त तशा वाटेला नेतो.

२०२४ मध्ये गाडी पुन्हा पासिंगला न्यायची होती. त्याआधी पाटे खाली घेतले, टायरही जुन्या मापाचे केले. मित्रांनी खूप चेष्टा केली. कायद्याचं कारण सांगितलं, ते खरंही होतं, पण पूर्ण खरं नव्हतं.

आता जॅकला ठोकळा लागत नाही. तो तरी गाडीतच असतो. बाबांना सवय झालीय, आणि गेल्या वर्षीपासून आईलाही लागतो.

शेजारच्या मुलाला शेवटी एवढंच सांगितलं, जॅक कुठेही ठेव, पण बांधून ठेव. आणि गाडी उंच करायच्या आधी आजीला एकदा बसवून बघ.

असो. चहा गार झाला त्याचा.