जिची पुंगळी तिच्या डब्यात

लग्नकार्यासाठी शेजारपाजारची भांडी मागून आणायची रीत होती, त्या काळात पितळेच्या पातेल्याच्या काठावर मालकाचं नाव ठोकलेलं असे. पंगती उठल्या, भांडी घासून झाली, की अंगणात ढीग पडायचा. मग घरातली एखादी जाणती बाई काठावरची नावं वाचत बसायची आणि जोश्यांचं जोश्यांकडे, पाटलांचं पाटलांकडे लावून द्यायची. दोन पातेली एकाच दुकानातली, एकाच मापाची असली तरी बदललेलं पातेलं घरी आल्याबरोबर कळायचं. त्याच्यावर घरचं झाकण बसत नसे.

अमेरिकेतल्या कितीतरी घरांच्या तळघरांत आजही पितळेचा असाच ढीग पडतो. हा ढीग रायफलच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांचा. तिकडचे हजारो नेमबाज झाडलेली पुंगळी टाकून देत नाहीत. हाताने चालवायच्या प्रेसवर डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून ती पुन्हा मापात आणायची, तळाची जळालेली टोपी काढून नवी बसवायची, दारू तोलून भरायची आणि तोंडाशी गोळी बसवायची, असा हा उद्योग. गोळी उडून जाते, दारू जळून जाते, टोपी एकदाच पेटते. पुंगळी तेवढी मागे राहते आणि नीट वागवली तर अनेकदा परत कामाला येते.

अशा माणसाकडे एकाच जातीच्या काडतुसाच्या दोन रायफली आल्या, की गुंता सुरू होतो. समजा, दोन्ही .३०८ विंचेस्टरच्या आहेत. एक शिकारीची, हलकी, तर दुसरी जड नळीची, कागदी लक्ष्यावर नेम धरायची. काडतुसाच्या खोक्यावरचं नाव एकच. पण मैदानावरून परत येताना शहाणा नेमबाज दोघींच्या पुंगळ्या दोन वेगळ्या डब्यांत घालून आणतो. डब्यावर चिठ्ठी असते. तिच्यावर रायफल कोणती ते लिहिलेलं असतं आणि पुंगळ्या किती वेळा झाडून झाल्या त्याच्या उभ्या रेघा मारलेल्या असतात.

हा सगळा खटाटोप पितळेच्या स्वभावामुळे करावा लागतो. पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. बार उडतो त्या क्षणी .३०८च्या पुंगळीत दर चौरस इंचाला ६२,००० पौंडांपर्यंत दाब चढू शकतो. पितळ फुगतं, चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतींना घट्ट चिकटतं आणि आतला वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की ते किंचित आक्रसतं. आक्रसलं नाही तर पुंगळी बाहेरच निघणार नाही. पण ते पहिल्या मापावर परत जात नाही. त्या चेंबरचा घेर, त्याच्या खांद्याची, म्हणजे मानेकडे निमुळत्या होणाऱ्या भागाची, जागा, त्याचा तिरकसपणा असलाच तर तोही, सगळं त्या पितळेवर उतरलेलं असतं. हे होतं हजारांश सेकंदांत, आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. चेंबर तपासायला बंदुकीचे कारागीर पोलादी मापं वापरतात. .३०८साठी १.६३० इंचाचं माप आत घातल्यावर बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, मिटला पाहिजे, आणि १.६३४ इंचाच्या मापावर तो मिटता कामा नये. दोहोंतलं अंतर जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग. एका नावाच्या दोन रायफली एवढ्या फटीत एकमेकींपासून वेगळ्या असतात.

ऐसपैस चेंबरमध्ये फुगलेली पुंगळी तंग रायफलीत घातली, तर बोल्ट अर्ध्यावर अडतो. ते एक वेळ बरं, कारण चूक तिथेच कळते. उलट प्रकार जास्त वाईट. दर वेळी डायमध्ये दाबून खांदा गरजेपेक्षा मागे ढकलायचा आणि दर बाराला पितळानं पुन्हा पुढे ताणायचं, असं चाललं की बुडाच्या थोडं वर पुंगळीची भिंत आतून पातळ होत जाते. बाहेर एक फिकट, चमकती कडी दिसू लागते. जुने लोक कागदांना लावायची तारेची क्लिप सरळ करतात, तिचं टोक जरासं वाकवतात आणि पुंगळीच्या आत घालून भिंतीवरून वर ओढतात. टोक खाचेत अडखळलं की ती पुंगळी बाद. न अडखळलेल्या पुंगळीवर मात्र पुढच्या बाराला डोळ्यांपासून वीतभर अंतरावर विश्वास टाकायचा असतो, त्यामुळे क्लिपचं हे काम कुणी घाईत करत नाही.

महाराष्ट्रात पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या दिसलेली थ्री-नॉट-थ्री या बाबतीत फार बोलकी आहे. ली-एनफिल्ड बनली लढाईसाठी. चिखलानं माखलेलं काडतूसही आत जावं म्हणून तिचं चेंबर सैल ठेवलेलं, आणि बोल्टला धरून ठेवणारे खुंट मागच्या बाजूला. बोल्ट किंचित दबतो, पुंगळी ताणली जाते. तिच्या ‘नंबर ४’ या नमुन्यात बोल्टचं डोकं शून्य ते तीन अशा चार मापांत मिळायचं आणि ज्या रायफलीला जे बसेल ते लावायचं. म्हणजे लष्करानंही प्रत्येक रायफल स्वतंत्र आहे हे मानलेलंच होतं. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इंग्लंडमध्ये या रायफली अजून हौसेनं चालवल्या जातात. नव्या पुंगळीचा पहिला बार काढताना काही जण तिच्या काठापुढे बारीक रबरी कडं चढवतात, म्हणजे पुंगळी बोल्टला टेकून राहते आणि मागच्या बाजूनं ताणली न जाता पुढचा खांदा फुगवून जागा भरते. त्यानंतर ती त्या रायफलीची झाली.

याच काडतुसानं पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैनिकांचा जीव टांगणीला लावला होता. त्यांची रॉस रायफल नेमाला उत्तम, पण चेंबर तंग. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या दुसऱ्या लढाईत ब्रिटिश बनावटीची काडतुसं तिच्यात अडकू लागली. सैनिकांना बोल्ट बुटाच्या लाथेनं उघडावा लागला. चिखल आणि बोल्टच्या रचनेतले दोषही होतेच, पण थ्री-नॉट-थ्री हे एक नाव दोन वेगळ्या मापांना पुरेल, ही समजूत तिथे महागात पडली. १९१६ मध्ये आघाडीवरच्या कॅनडाच्या पायदळाच्या हाती ली-एनफिल्ड आली.

वेगळं ठेवण्याचं अगदी टोक गाठलं ते शुट्झेनवाल्यांनी. जर्मन स्थलांतरितांनी अमेरिकेत नेलेली ही उभ्यानं नेम धरायची परंपरा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या स्पर्धांत हॅरी पोप यांच्या नळ्यांना मोठा मान होता. अनेक नेमबाज अख्खी स्पर्धा एकाच पुंगळीवर काढत. बार झाला की टेबलापाशी यायचं, टोपी बदलायची, दारू भरायची, पुंगळी पुन्हा रायफलीत घालायची. पोप पद्धतीत गोळी नळीच्या पुढच्या तोंडातून स्वतंत्रपणे खाली दाबत. एक रायफल आणि एक पुंगळी! दुसरा डबाच नाही म्हटल्यावर चूक व्हायला जागा कुठली?

आजच्या टेबलावर मात्र डबे भरपूर, आणि प्रत्येक पुंगळीच्या बुडावर ठोकलेली अक्षरं वाचत बसावं लागतं. एलसी म्हणजे मिसुरीतला लेक सिटीचा कारखाना. लष्करी पुंगळीची भिंत बऱ्याचदा जाड असते. आत जागा कमी, म्हणून तेवढ्याच दारूला दाब जास्त. त्यामुळे रायफलीप्रमाणे वेगळं करून झालं की कारखान्याप्रमाणेही वेगळं करायचं. अमेरिकेतल्या या ढिगांत कधी केएफ अशी अक्षरं निघतात, ती पुण्याजवळच्या खडकीची. तिथला दारूगोळा कारखाना १८६९चा. कधी ओएफव्ही निघतं, ते खानदेशातलं, केळीच्या बागांच्या मुलखातलं वरणगाव. ते वाचताना मराठी माणसाचा हात क्षणभर थबकावा, इतकं ते आपलं आहे.

काही मिसळणी केवळ गैरसोयीच्या नसतात. .३०० ब्लॅकआउट हे काडतूस २०११ मध्ये अमेरिकी मानकांत आलं. त्याची पुंगळी .२२३ रेमिंग्टनची पुंगळी आखूड कापून करता येते. बूड तेच, मॅगझिन तीच, गोळी मात्र जाड. भरलेलं काडतूस चुकून .२२३च्या रायफलीत गेलं आणि बोल्ट मिटला, तर जाड गोळी बारीक नळीत कोंबली जाते आणि रायफल फुटते. असे अपघात झालेले आहेत. म्हणून एका वेळी टेबलावर एकाच जातीचा डबा उघडायचा, हा नियम अनेकांनी स्वतःला घालून घेतला आहे, आणि त्यात ढिलाई नको.

पितळ जपण्याचा आणखी एक धडा थेट आपल्या पावसाळ्यानं दिला. गेल्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये ठेवलेली असत. पाऊस सरल्यावर पाहावं तर हात न लावलेल्या पुंगळ्यांना चिरा. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि घडताना पितळात कोंडून राहिलेला ताण, या तिघांनी मिळून ते केलं होतं. त्याची उकल १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी मांडली. अमोनिया असलेलं पॉलिश पुंगळीला लावू नये, हे आजही तिकडचा प्रत्येक जाणता नवशिक्याला सांगतो. त्याऐवजी अक्रोडाच्या टरफलांच्या चुऱ्यात पुंगळ्या तासन्‌तास घुसळल्या की त्या लखलखतात.

ठोकून कडक झालेलं पितळ मऊ कसं करायचं, हे पुण्याच्या तांबट आळीला कुणी शिकवायला नको. मठारकाम करताना धातू हातोडीखाली ताठरतो आणि त्याला परत भट्टीकडे न्यावं लागतं. पुंगळीची मानही तशीच. फुगणं आणि दाबणं सोसून ती ठिसूळ होते, म्हणून मधूनमधून फक्त मान तापवतात. बूड मात्र थंडच राहिलं पाहिजे, कारण सगळा जोर तिथे येतो. जुन्या रीतीत पुंगळ्या पाण्याच्या ताटात उभ्या करून वरच्या भागाला ज्योत देत. त्यामुळे मानेवर निळसर तपकिरी झाक येते. लष्करी पुंगळीवर ती तशीच राहू देतात. किती देखणी दिसते ती!

महाराष्ट्राच्या विजेत्यांच्या पुंगळ्या मात्र या डब्यांत कधीच येणार नाहीत. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं, ते पॉइंट टू-टूच्या रायफलीवर. त्या काडतुसात स्फोटक बुडाच्या काठातच भरलेलं असतं. सुई तो काठ चेपते आणि पुंगळीचं काम संपतं. पण रायफलीची आवडनिवड तिथेही आहेच. एकाच कारखान्याच्या वेगवेगळ्या घाण्यांतली काडतुसं आपल्या रायफलीतून झाडून बघायची आणि जिचे बार सर्वांत जवळजवळ पडतील ती खेप राखून ठेवायची, हे अव्वल नेमबाज मन लावून करतात.

तिकडे तळघरात पुंगळ्या भरणाऱ्याच्या रायफलीची स्पर्धेत वापरलेली नळी काही हजार बारांत झिजते आणि कारागीर नवी बसवून देतो. रायफल तीच, लाकूड तेच, पण चेंबर नवं. नेमबाज तळघरात येऊन जुन्या डब्यातली एक पुंगळी तिच्यात घालून बघतो. बोल्ट दांडी खाली येण्याआधीच थांबतो. मग तो डबाभर पुंगळ्या टेबलावर मांडतो, क्लिपच्या तारेनं एकेक तपासतो, थकलेल्या पुंगळ्यांची तोंडं पकडीनं चेपून त्या मोडीच्या बादलीत टाकतो. उरलेल्या पुंगळ्या डायमध्ये पूर्ण दाबून नव्या चेंबरच्या मापाला आणतो. शेवटी डब्यावरची चिठ्ठी खरवडून काढतो आणि नवी चिकटवतो. तिच्यावर नळीची तारीख नवी असते. रेघा मात्र तो जुन्या चिठ्ठीवरून मोजून तशाच उतरवून घेतो. सहा.