भट्टी बंद असते तेव्हा

‘तू फक्त गोव्याला चल, बाकीचं मी बघते,’ असं मैत्रीण म्हणाली तेव्हा डोळ्यांपुढे बागा बीच तरळला होता. प्रत्यक्षात कोकणकन्येनं थिवीला उतरलो आणि समुद्राकडे पाठ फिरवून थेट सत्तरी गाठली. मैत्रीण इंटिरिअर डिझायनर. काजू फेणीच्या एका घरगुती भट्टीशेजारी तिला व्हिजिटर सेंटर करायचं होतं. लोकांनी यावं, फेणी कशी बनते ते बघावं, चाखावी आणि जाताना बाटली न्यावी. ब्रीफ एकदम सिंपल!

महिना एप्रिलचा. गाडीचं दार उघडताच पिकलेल्या बोंडांचा गोड-आंबूस वास थेट डोक्यात चढला. खडकात कोरलेल्या उथळ कुंडीत, म्हणजे ‘कोळंबी’त, दोघं जण पायांनी बोंडं तुडवत होते. उरलेल्या चोथ्याचा ढीग रचायचा, वेलीनं आवळायचा, वर दगड ठेवायचा. त्यातून आपसूक ठिबकतो तो नीरो. एक ग्लास प्यायले आणि ऑफिसच्या कॅन्टीनमधले सगळे ज्यूस विसरले! तुडवून निघालेला रस काही दिवस आंबवतात, मग तांब्याच्या भाणात चढवतात. पहिल्यांदा निघतो तो सौम्य हुर्राक, पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी.

दुपारी मैत्रिणीनं लॅपटॉप उघडला. चिऱ्याच्या भिंती, मडक्यांचे दिवे आणि कोपऱ्यात एक डमी भट्टी. खोटा जाळ, खोटा धूर. घरातला मुलगा खूश. ‘डिसेंबरमध्ये टुरिस्टना काहीतरी दाखवायला नको?’ त्याचंही बरोबरच होतं. गोव्यात गर्दी डिसेंबरला आणि भट्टी पेटते साधारण मार्च ते मे. २००९ मध्ये काजू फेणीला जीआय मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला हेरिटेजचा दर्जा दिला. पण घर चालायला बाटल्या खपाव्या लागतात ना!

काका इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘बाय, दिवाळीत आंबा दाखवायचा म्हणून मेणाचा टांगशील काय?’

मैत्रिणीचा चेहरा पडला. फीचा दुसरा हप्ता याच डिझाइनवर अडकला होता. रात्री पडवीत बसून आम्ही तिचे रेफरन्स फोटो पुन्हा चाळले. २०१८ मध्ये उघडलेलं स्कॉटलंडमधलं मॅकॅलनचं सेंटर, गवताच्या लाटांसारखं छप्पर, आत चकाकणारे तांब्याचे स्टिल्स. कमाल देखणं! पण जव कोठारात साठवता येतो, त्यामुळे तिथली भट्टी हंगामावर अडून बसत नाही. बोंड मात्र झाडावरून पडलं की लगेच नासायला लागतं. म्हणजे फेणीची कला जितकी हातात आहे, तितकीच कॅलेंडरमध्ये. तेच लपवून कसं चालेल?

सकाळपर्यंत डमी भट्टी डिलीट झाली होती. नव्या प्लॅनमध्ये खऱ्या भट्टीला हात नाही. फक्त कडेला एक बुटका कट्टा, म्हणजे पाहुणे कामाच्या मध्ये येणार नाहीत. टेस्टिंग रूमच्या भिंतीत बारा कोनाडे, एका महिन्याला एक. पावसाळ्यात भाण उपडं पडलेलं असतं, तर ते तसंच दिसू दे. आणि मागचं दार थेट काजूच्या डोंगरावर उघडणारं. कारण डिसेंबरात भट्टी थंड असली तरी काजूला मोहोर असतो! टुरिस्टनं तो बघावा, गेल्या हंगामातली फेणी चाखावी आणि पुढच्या एप्रिलचं तिकीट काढावं.

मुलगा अजून साशंक आहे. ‘एक सीझन बघू,’ एवढंच म्हणाला. काकांनी मात्र एकच करेक्शन सुचवलं. कट्टा थोडा रुंद करा, दुपारी तुडवणाऱ्यांनाही पाठ टेकता येईल.

मला वाटतं, अख्ख्या प्लॅनमधली बेस्ट डिझाइन आयडिया तीच होती.

तुम्ही जाणार असाल तर एप्रिलमध्येच जा. हुर्राक फार टिकत नाही, तो तिथंच प्यायचा. लिम्का, मीठ आणि एक चिरलेली हिरवी मिरची... आणि हो, गाडी दुसऱ्याला चालवू दे!