बाकीच्या एकोणिसांचं काय?

४ जून २०२४. टीव्हीवर लोकसभेच्या मतमोजणीचा गलका चालू होता आणि आमच्याकडे कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. नीटचा निकाल दहा दिवस आधीच, त्याच दिवशी लागला. भाचीला ७२० पैकी ६०१. आदल्या वर्षीपेक्षा ८९ जास्त! मी साखर आणायला आत गेले आणि बाहेर येईपर्यंत तिचा चेहरा उतरलेला. तिच्या मैत्रिणींचे फोन सुरू झाले होते. ६४०, ६५५, ६७०... आदल्या वर्षी ६०१ ला सरकारी कॉलेज सहज मिळालं असतं. या वर्षी शक्यता नव्हती.

लातूरला आमचं घर, म्हणून ती रिपीटच्या वर्षाला आमच्याकडे राहिली होती. वर्षभर पहाटे साडेचारला तिच्या खोलीतला दिवा लागायचा. तिच्या आईला मी फोनवर "होईल गं" म्हणायचे, तिलाही तेच.

मग जून-जुलै आम्ही सगळे कोर्टाच्या बातम्यांवर जगलो. परीक्षा रद्द होणार, परत होणार. मीच रोज पेपर वाचून तिला आशा दाखवायचे. २३ जुलैला सुप्रीम कोर्टाने फेरपरीक्षा नाकारली, आणि वर फिजिक्सच्या एका प्रश्नाचं उत्तर एकच बरोबर धरायला सांगितलं. अणूंबद्दल दोन विधानं होती. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकाप्रमाणे एक उत्तर, नव्याप्रमाणे दुसरं. तोवर दोन्हीला मार्क होते. हिने जुन्याप्रमाणे लिहिलेलं. चार गेले, निगेटिव्हचा एक गेला. ५९६.

ते जुनं पुस्तक माझ्या मुलाचं होतं. मीच दिलेलं. "कशाला नवं घेतेस, तेच तर आहे," असं म्हणून.

ती त्याबद्दल मला एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आमच्या गल्लीत एक निवृत्त सर्जन राहतात. तोंडाने फटकळ, म्हणून सहसा त्यांच्याकडे कुणी सल्ल्याला जात नाही. ते एका संध्याकाळी आपणहून आले. ती पाच मार्कांबद्दल सांगायला लागली आणि रडायला लागली. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "एकूण किती चुकले?"

"वीस. सहा सोडले."

"वीस म्हणजे शंभर मार्क गेले. तू एका प्रश्नासाठी रडतेस. बाकीच्या एकोणिसांचं काय?"

मला इतका राग आला! पोरीचं काय चाललंय आणि हा माणूस हिशेब करतोय. पण त्यांनी पेपर मागवला. एकेक चूक काढून विचारलं, "हे येत नव्हतं की ठोकून दिलंस?" एकोणिसांतले अकरा फिजिक्सचे निघाले आणि त्यातले सात ठोकलेले. वर म्हणाले, "परत बसायचं तर फिजिक्ससाठी बस. मावशीला वाईट वाटेल म्हणून बसू नकोस. आयुर्वेदाला जायचं तर आत्ता जा, पण तिथे जाऊन रडत बसू नकोस." चहा न घेताच गेले.

दोन दिवस ती त्यांचं नाव काढू देत नव्हती. तिसऱ्या दिवशी वही घेऊन त्यांच्याकडे गेली.

ती परत बसली, घरूनच. मे २०२५ चा पेपर, त्यातही फिजिक्स, भयंकर अवघड निघाला. देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ होते. हिला ४९७. गंमत बघा, मार्क नव्याण्णवने कमी आणि रँक आधीपेक्षा कितीतरी वर! तरीही एमबीबीएसची सरकारी जागा थोडक्यात हुकली. शेवटच्या फेरीपर्यंत आम्ही वाट पाहिली. आता ती सरकारी आयुर्वेद महाविद्यालयात आहे. रडत गेली नाही, एवढं मी पाहिलं. आत काय आहे ते तिचं तिला माहीत.

ॲडमिशनचा मेसेज आला तेव्हा तिने पहिला फोन डॉक्टरांना केला. मग आईला. मला तिसरा. मला काहीच वाटलं नाही असं म्हणणार नाही.