सावळीचं तोंड

सावळी ही मारवाडी घोडी, सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या त्या यात्रेत घोडा मागच्या पायांवर उभा राहिला की टाळ्या पडतात, भाव चढतो. आमच्याकडे आल्यावर तोच गुण स्वाराच्या जिवावर उठला. कालव्याच्या पुलाशी आली की ती थबकायची, मान ताठ करायची आणि पुढचे पाय उचलायची. अशा वेळी स्वार लगामाला लोंबकळला तर तोल जाऊन घोडं मागे कोसळतं आणि माणूस त्याच्याखाली सापडतो.

‘दोन फटके द्या, खोड मोडेल,’ असं येणारे-जाणारे सांगत. मला ते मुळीच पटेना. मी आधी तिचं तोंड उघडून पाहिलं. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये हिरडीची मोकळी जागा असते, लगामाची कडी तिथेच बसते. सावळीच्या त्या जागेवर जुने वण होते आणि ओठाचा एक कोपरा अजून ओला होता. तिच्याबरोबर आलेल्या लगामाला आतून काटे होते. असा लगाम वापरायला प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनी बंदी घातलेली आहे. तरीही जनावरांच्या तोंडात तो जातोच, आणि मला त्याचा आजही संताप येतो.

पशुवैद्यांनी दाढा तपासल्या. घोड्याच्या वरच्या दाढांना बाहेरच्या बाजूने धार येते आणि तिने गाल आतून सोलवटतो. त्यांनी कानस लावून ती धार घालवली. जखम भरेपर्यंत तोंडात लोखंड घालायचं नाही, असं ठरलं.

पुढचं सगळं मोतद्दार काकांनी करून घेतलं. “ताई, उभं राहायच्या आधी घोडं थांबतं. त्याला थांबू देऊ नका,” ते सांगायचे. एका हाताने लगाम खेचायचा आणि त्याच वेळी टाचही मारायची, असं केलं की घोड्याला पुढे जाता येत नाही आणि मागेही सरता येत नाही. मग ते वर जातं. शिवाय वर जायला त्याला मागचे दोन्ही पाय घट्ट रोवावे लागतात. म्हणून काका तिला नुसत्या मोहरकीवर चालवत. ती थबकते असं दिसलं की तोंड हलकेच बाजूला वळवत, म्हणजे मागचा एक पाय दुसऱ्यासमोरून टाकावाच लागे. तेवढ्यात तिचा बेत मोडायचा. पाय टाकला की दोरी लगेच सैल. ही सैल सोडण्याची वेळ साधणं सगळ्यांत अवघड, आणि माझ्या मते खरी विद्या तीच.

खोगीर चढवलं ते बऱ्याच काळाने, साध्या गुळगुळीत कडीसह. तरीही ती वर गेलीच तर काय करायचं, ते काकांनी आधी पाठ करून घेतलं होतं: हात सैल, अंग पुढे, आयाळ धरून मानेला बिलगायचं, तिचे पुढचे पाय जमिनीला टेकले की लगेच पुढे चालवायचं.

सावळी आता पूल ओलांडते, पण कान टवकारून. वरातवाले अजून तिला मागायला येतात. त्यांना नवरदेवापुढे उभी राहणारी घोडी हवी असते. आम्ही देत नाही.